अण्णांच्या मागे गेलेले मासे

अण्णा गेल्यापासून दीपमालाच्या स्वप्नात पाणी येत होतं. सिडकोतल्या त्यांच्या घरी नळाला पाणी आठ दिवसांतून एकदा यायचं. स्वप्नात मात्र रोज यायचं, आणि उदंड. डोंगराकडून, जमिनीखालून, जुन्या नहरीच्या खापरी नळांतून ते शहराच्या पोटात शिरायचं, आणि त्या नळांतून अण्णा वाकून चालत यायचे. खांद्याला डब्याची पिशवी, पँटचे पाय दुमडलेले. तिच्याकडे ते बघायचे नाहीत. पाण्यात काहीतरी मोजत असायचे. ओठ हलायचे, आणि आकडा ऐकू येण्याआधी तिला जाग यायची.

लहानपणी एकदा त्यांनी तिला नहरीचा बंब दाखवला होता. विटांचा उंच मनोरा, अंगावर पिंपळ उगवलेला.

"लई लांबून येतं ना पाणी, दमतं," अण्णा म्हणाले होते. "मग ह्या बंबात वर चढतं, श्वास घेतं, अन् खाली उतरून पुढं जातं."

"पाण्याला श्वास असतो?"

"नसता तर मासे कशाला ऱ्हायले असते त्याच्यात?"

तिचे वडील कडुबा तुपे वाळूजच्या एका विदेशी कंपनीत तेवीस वर्षं सांडपाण्याच्या प्लँटवर ऑपरेटर होते. गाड्यांच्या लोखंडी भागांना चकचकीत मुलामा द्यायचा, हा त्या कंपनीचा धंदा. मुख्य ऑफिस कुठंतरी बर्फाच्या देशात. मुलामा देऊन उरलेल्या पाण्याला रंग असतो, वास असतो आणि त्यात जिवंत काही टिकत नाही. ते पाणी टाक्याटाक्यांतून फिरवून, निवळून, गाळून पुन्हा पाण्यासारखं करायचं, हे अण्णांचं काम होतं. शेवटच्या टाकीपुढं सिमेंटचा एक हौद होता. निवळलेलं पाणी त्या हौदातून पुढं बागेला आणि मागच्या नाल्याला जायचं. हौदात केशरी मासे सोडलेले होते. मासे जिवंत, म्हणजे पाणी चांगलं. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना कागदावरच्या तक्त्यापेक्षा ही साक्ष लवकर पटायची.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी त्याच हौदाच्या काठाला, स्टुलावर बसल्या बसल्या अण्णा गेले. हृदय थांबलं. रिटायर व्हायला एक वर्ष उरलं होतं.

आणि त्या सकाळी हौदातले सगळे मासेही गेले.

अण्णांना उचलायला जे धावले त्यांनी ते पाहिलं. पाण्यावर केशरी पोटं तरंगत होती, एकही हलत नव्हता. ही गोष्ट आधी कँटीनमध्ये पसरली, मग बसमध्ये, मग दहाव्याला घरी आली. "मुक्या जीवाला कळतं," बायका म्हणाल्या. "मालकामागं गेले." दीपमाला कॉलेजच्या लायब्ररीत काम करणारी, पुस्तकांत वाढलेली बाई. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण ही एक गोष्ट तिनं तपासली नाही, तशीच ठेवून घेतली. वाईट दिवसात ती बाहेर काढायची, बघायची आणि परत ठेवायची. कुणीतरी अण्णांच्या सोबतीला गेलं, एवढं तिला पुरत होतं.

मार्चच्या सुरुवातीला कंपनीतून श्रेयाचा फोन आला. कंपनीची सामाजिक कामं बघणारी ही मुलगी पंचविशीतली होती, बोलायला लाघवी.

"ताई, बावीस मार्चला जल दिन आहे ना, तेव्हा हेड ऑफिसच्या मॅडम येतायत. हौदाला काकांचं नाव द्यायचं ठरलंय. संगमरवरी पाटी पण झाली तयार. मी मॅडमना मेलवर माशांची गोष्ट सांगितली होती. त्यांनी लिहिलं, वाचून रडले म्हणून."

दीपमालानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही चार शब्द बोलाल ना? तुम्हाला सुचतं. आणि एक सांगू? सांगायचं नाहीये खरं तर. कृष्णाला कायम केल्याचं पत्र त्याच दिवशी देणारेत. स्टेजवर!"

कृष्णा म्हणजे दीपमालाचा धाकटा भाऊ. अण्णांच्या जागी कंपनीनं त्याला घेतलं होतं, पण शिकाऊ म्हणून. चार महिने तो त्या पत्राची वाट बघत होता. त्याचं लग्न त्या पत्रावर अडलं होतं.

श्रेयानं सोबत कंपनीचा वार्षिक अहवालही पाठवला. गुळगुळीत पानं, हिरवी चित्रं. 'नफा आणि जबाबदारी हे आमच्यासाठी एकाच नदीचे दोन काठ आहेत', असं पहिल्याच पानावर होतं. सतराव्या पानावर अण्णा होते. हौदाशी उकिडवे बसलेले, हात पाण्यावर धरलेला, आणि हाताखाली केशरी ठिपके. खाली ओळ होती, 'आमचे मासे आमच्या वतीनं बोलतात.' फोटोत अण्णा हसत नव्हते. दीपमालानं त्यांच्या ओठांकडे निरखून पाहिलं. ते काहीतरी मोजत होते.

*

त्या रविवारी कृष्णानं अण्णांच्या लॉकरातलं सामान आणलं. इतके दिवस किल्ली सापडत नव्हती. रबरी हातमोजे, गॉगल, टोपी, आणि एक जाड वही. मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेले, शाळेतल्या पोराची असावी तशी.

वहीत अण्णांचं ठसठशीत अक्षर होतं. नुसत्या नोंदी, मनातलं एक वाक्य नाही. 'केशरी १२ सोडले.' चार दिवसांनी, '३ गेले.' दोन दिवसांनी, '५ गेले.' मग, 'कमरोद्दीनकडून १०.' मग, '२ गेले.' पानंच्या पानं हेच. बावीस वर्षांपूर्वीची तारीख पहिल्या पानावर होती.

"आई, हे कमरोद्दीन कोण गं?"

भामाबाई गॅलरीत गहू निवडत होती. "दहाव्याला आला नव्हता का तो टोपीवाला चाचा? लई रडला बघ. औरंगपुऱ्यात दुकान हाय त्याचं. माशांचं."

"खायच्या?"

"खायच्या कशाला! काचंतल्या." मग थोडं थांबून म्हणाली, "तुझे अण्णा मेथी आणायला औरंगपुऱ्यात जायचे ना दर आठवड्याला, त्या बोळातच हाय ते."

ही घरातली जुनी थट्टा होती. कंपनीच्या गेटसमोर ताजी मेथी मिळते, नाल्याकाठच्या मळ्यातली, आणि कडुबा तुपे कंपनीची बस सोडून, रिक्षा करून औरंगपुऱ्यात जातो मेथीला. शेजारची भाभी म्हणायची, "नाव कडुबा, पण जीभ लई लाडाची."

"अन् डबा," भामाबाई गव्हातला खडा काढत म्हणाली. "तेवीस वर्षं मी डबा भरून दिला, पण धुतला नाय. घरी आले की सरळ दारातल्या अनंताकडं जायचे. माती उकरायचे, मग नळावर डबा स्वतः घासायचे. मी म्हणायचे, अहो बाईमाणसाची लाज तरी ठेवा, शेजारी काय म्हणतील. तर म्हणायचे, तू नको हात लावू."

दीपमालानं खाली पाहिलं. दाराशी अनंताचं झाड उभं होतं. अख्ख्या गल्लीत असं तजेलदार झाड नव्हतं. मार्चमध्येच कळ्या धरल्या होत्या, हिरव्या, पीळदार. अण्णा त्याच्या बुडाशी काय पुरतात, असं तिनं लहान असताना एकदाच विचारलं होतं. "खत," असं ते म्हणाले होते.

ती खाली उतरली. खुरप्यानं बुडाची माती हलवली, फार नाही, चार बोटं. मातीत पांढरे काटे होते, केसांसारखे बारीक. एकावर एक, थरच्या थर. तिनं माती पुन्हा नीट लोटली, हात धुतले आणि बराच वेळ पायरीवर बसून राहिली. मेलेले मासे अण्णांना कचऱ्यात टाकवले नाहीत. जेवलेल्या डब्यात घालून, बसमध्ये मांडीवर घेऊन, त्यांना घरी आणायचे.

*

कमरोद्दीन चाचांचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळच होता. दोन्ही भिंतींना काचेच्या टाक्या, वर दोरीला पाण्यानं फुगवलेल्या पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत एखाद-दुसरा मासा. बाहेर औरंगपुऱ्याचा कालवा, हॉर्न, भाव, शिव्या. आत आलं की सगळं पाण्याखाली गेल्यासारखं. हवेच्या नळ्यांची बुडबुड तेवढी चालू.

"बैस बेटा. कडुभाईची मुलगी म्हणजे माझी मुलगी. जावेद! दोन चाय सांग, कमी साखर." चाचांनी स्टूल पुसून पुढं केलं.

"चाचा, अण्णा तुमच्याकडून मासे न्यायचे?"

"न्यायचे म्हणजे काय, बीस-बाईस साल! सुरुवातीला मी मजाक करायचो. म्हटलं, कडुभाई, पाळतो का तळून खातो? एवढे लागतात कशाला? एक दिवस तो हसला नाय. म्हणाला, कमर, मरतात रे. त्या दिवसापासून मी मजाक बंद केला."

"कधी न्यायचे?"

"कुणी मोठा साहब बघायला येणार असला की आधल्या दिवशी. म्हणायचा, तगडे दे. चार दिवस काढतील असे दे." चाचांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मला पण समजत होतं बेटा. खोटं नाय बोलणार. पण गिऱ्हाईकाला काय विचारायचं?"

चहा आला. दीपमालानं कप हातात धरून ठेवला.

"मध्ये मात्र तीन-चार साल आलाच नाय," चाचा म्हणाले. "मला वाटलं, नाराज झाला. अन् एके दिवशी आला तो हा असा डबा घेऊन. उघडला तर आत पिल्लं! नखाएवढी. म्हणतो, लई झालीत कमर, हौदात मावेनात, तू ठेव. काय खूश होता त्या दिवशी! मला म्हणतो, ही पाण्याची पोरं आहेत."

ते उठले, मागच्या टाकीवरचा दिवा लावला. हिरव्या पाण्यात केशरी मासे संथ फिरत होते.

"ही त्यांची औलाद. मी विकत नाय. बघ."

दीपमाला काचेशी वाकली. मासे आले, तिच्या तोंडासमोर थांबले, तोंडं उघडझाप करू लागले. तिला वाटलं, स्वप्नातला आकडा आता ऐकू येईल. पण काचेपलीकडून आवाज येत नाही.

निघताना चाचा म्हणाले, "तुमच्या कंपनीतून फोन आला होता. बावीसला पन्नास पाहिजे म्हणे. कुणी मॅडम आपल्या हातानं सोडणार. देऊ का नको, तूच सांग."

ती लटकत्या पिशव्यांखालून वाकून बाहेरच्या कालव्यात शिरली.

*

वहीतली ती तीन-चार वर्षं तिला सापडली. २०१४ च्या उन्हाळ्यात एक नोंद होती, 'शेवटचं यंत्र सुरू.' त्याच्या पुढं कितीतरी पानं 'गेले' हा शब्दच नव्हता. 'केशरी १२.' महिन्यानं, 'केशरी १२.' मग एके दिवशी, 'पिल्लं ९.' मग, 'पिल्लं ४०.' मग अक्षर जरा वाकडं, घाईत लिहिल्यासारखं, 'पिल्लं. मोजता येईनात.'

आणि २०१८ मध्ये, 'शेवटचं यंत्र बंद.' चौथ्या दिवशी, '६ गेले.'

तिनं कृष्णाला गच्चीवर बोलावलं. आज पाण्याचा दिवस होता. गल्लीभर मोटारी घुमत होत्या, टाक्या भरत होत्या. कृष्णा पाइप धरून उभा होता.

"शेवटचं यंत्र म्हणजे काय रे?"

त्यानं आधी वहीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "ते पाणी उकळून आटवतं. घाण खाली ऱ्हाते, वाफेचं शुद्ध पाणी परत मिळतं. पण वीज लई खातं, ताई."

"म्हणून बंद?"

"हेड ऑफिसनं सगळ्या देशांतल्या प्लँटांना सांगितलं, वीज कमी वापरा, पृथ्वी वाचवा. आपल्या प्लँटनं सगळ्यात जास्त वाचवली. काचेचं बक्षीस मिळालंय, रिसेप्शनला ठेवलंय. वाचवली कुठून, हे कुणी विचारलं नाय. तपासणी असली की दोन दिवस आधी यंत्र चालू करतो, तपासणीवाले गेले की बंद."

"आणि मग आता मासे जगतात कसे?"

कृष्णानं पाइप दुसऱ्या टाकीत टाकला. त्याला बराच वेळ लागला.

"हौदाला दोन व्हॉल्व्ह हायत. एक आपल्या पाण्याचा. एक बोअरचा. बोअरचा चालू असतो. आपलं पाणी हौदाला वळसा घालून जातं नाल्याला."

"कुणी बसवला दुसरा?"

"अण्णांनीच बसवला म्हणतात."

खाली कुणीतरी ओरडलं, "ओ तुपे, टाकी वाहतेय!" पाणी गच्चीवर पसरलं होतं, दोघांच्या पायांखालून वाहत होतं. कृष्णानं धावत जाऊन मोटार बंद केली. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, तू काय बोलणार आहेस तिथं?"

"माहीत नाही."

"चार शब्द बोल अन् ये. अण्णांचं नाव लागतंय दगडावर. गावातल्या कुणाचं लागलंय आजवर? अन् मला पत्र मिळतंय. तू पुस्तकातली माणसं बघतेस, मला तिथं रोज जायचंय."

"खरंय तुझं," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

वही तिनं शेवटपर्यंत वाचली ती त्यानंतर. दुसऱ्या व्हॉल्व्हची नोंद २०२१ ची होती: 'बोअरचं पाणी जोडलं. मरत नाहीत.' त्याखाली एक ओळ सोडून, 'हे बरोबर नाही.' बावीस वर्षांच्या वहीतलं ते मनातलं एकमेव वाक्य. त्यापुढं कोरी पानं. एक, दोन, दहा, वीस. मोजायला काही उरलंच नव्हतं. दया म्हणावी की लबाडी, हे अण्णांनाही ठरवता आलं नसावं. ती पानं उलटत राहिली, कोऱ्या पानांत माणूस शोधावा तशी, आणि अगदी शेवटी, पाढ्यांच्या पुठ्ठ्याला लागून असलेल्या पानावर तिला तारीख दिसली. नोव्हेंबरातली. ते गेले त्याच्या आदल्या दिवसाची.

'केशरी १४. बोअर बंद केला. आपलं पाणी सोडलं. सकाळी बघू.'

ती उठून खिडकीशी गेली. अनंताचं पहिलं फूल उमललं होतं. वास वरपर्यंत येत होता. मासे अण्णांच्या मागं गेले नव्हते. अण्णांनीच सकाळी येऊन ते पाहिलं होतं. चौदा मोजले असणार, चौदाही गेलेले, आणि मग ते स्टुलावर बसले असणार. मागाहून कुणीतरी मुकाट्यानं व्हॉल्व्ह पुन्हा फिरवला, नवे मासे आणले, आणि उरली ती गोष्ट, सगळ्यांना आवडलेली. तिलाही.

चार महिन्यांत ती पहिल्यांदा रडली, आवाज न करता, तोंडावर ओढणी धरून. तिला वाटलं, अण्णा दुसऱ्यांदा गेले, आणि ह्या वेळी एकटेच.

*

बावीस मार्चला हौदाशेजारी मांडव होता. हौदाच्या भिंतीवर पाटी, पाटीवर लाल मखमली पडदा, पडद्याला गोंडा. हेड ऑफिसच्या बाई उंच होत्या, केस पांढरे, उन्हानं लाल झालेल्या. त्यांच्यासमोरच्या टेबलावर पाण्यानं भरलेल्या पिशवीत पन्नास केशरी मासे फिरत होते. प्लँटप्रमुख कुलथे साहेबांनी अण्णांविषयी छान सांगितलं. माशांची गोष्टही सांगितली. पुढच्या रांगेत भामाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

मग दीपमालाचं नाव पुकारलं.

तिनं वही उघडली. "मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "अण्णांनी ह्या हौदाची वही ठेवली होती. ती वाचते."

श्रेया बाईंच्या कानाशी वाकून भाषांतर करू लागली.

दीपमाला वाचत गेली. केशरी बारा सोडले. तीन गेले. पाच गेले. कमरोद्दीनकडून दहा. दोन गेले. पहिल्यांदा लोक हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होते, म्हाताऱ्या माणसाचा छंद म्हणून. पाचव्या-सहाव्या पानाशी मांडवात शांतता झाली. मागं उभे असलेले कामगार ऑपरेटर होते. त्यांना आकडे कळत होते. कुलथे साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "ताई, जरा आटोपतं घ्या." तिनं मान हलवली आणि पान उलटलं. शेवटचं यंत्र सुरू. पिल्लं नऊ. पिल्लं चाळीस. पिल्लं, मोजता येईनात. इथं तिचा आवाज हलला आणि तिला थांबून पाणी प्यावं लागलं. शेवटचं यंत्र बंद. सहा गेले. बोअरचं पाणी जोडलं. हे बरोबर नाही.

शेवटची नोंद वाचायच्या आधी तिनं कृष्णाकडं पाहिलं. तो हौदापलीकडं नव्या गणवेशात उभा होता, मान खाली घालून. तिनं मनात त्याची माफी मागितली आणि वाचलं.

श्रेयाचं भाषांतर थांबलं. बाईंनी तिच्याकडं पाहिलं. श्रेयानं एकदा कुलथे साहेबांकडं बघितलं, ओठ चावला, आणि मग हळू आवाजात, शब्द न शब्द सांगितला.

बाईंनी समोरची माशांची पिशवी उचलून हातात घेतली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. श्रेयानं तो माइकजवळ तोंड नेऊन मराठीत केला, "मॅडम विचारतायत, आज कुठला व्हॉल्व्ह चालू आहे?"

प्रश्न ऑपरेटरला होता. ऑपरेटर कृष्णा होता.

वारा आला, मखमलीचा पडदा जरासा फुगला, आणि पाटीवरचं 'कडु' एवढंच दिसून पुन्हा झाकलं. कृष्णानं वर पाहिलं. दीपमालाला त्या क्षणी तो फार लहान वाटला, आणि त्याचे ओठ अण्णांसारखे हलत होते.

"बोअरचा," तो म्हणाला.

बाईंनी हातातली माशांची पिशवी अलगद टेबलावर परत ठेवली.

पडद्याचा गोंडा कुणी ओढला नाही. दीपमाला खाली उतरताना श्रेयाला म्हणाली, "पाटी ठेवा. पिल्लं झाली की लावा." कृष्णाचं नाव त्या दिवशी पुकारलं गेलं नाही.

गेटजवळ कुलथे साहेबांनी तिला गाठलं. ते चिडलेले असतील असं तिला वाटलं होतं. ते दमलेले होते.

"तुम्हाला वाटत असेल मी राक्षस आहे. एका आठवड्यात दोन मेल येतात, ताई. एक म्हणतो, वीज कमी करा आणि नफा वाढवा. दुसरा म्हणतो, पाणी स्वच्छ ठेवा. दोन्हीच्या खाली 'आभार' लिहिलेलं असतं. मी काय करू?"

"दोन्ही मेल एकाच माणसाला दाखवा," ती म्हणाली. "आज त्या आल्यात."

त्यांनी मांडवाकडं वळून पाहिलं. गेटवर बायका मेथीच्या जुड्या मांडून बसल्या होत्या, हिरव्यागार, पाणी शिंपडलेल्या. घरी जाताना भामाबाई रिक्षात अवघडून बसली होती. क्रांती चौक ओलांडल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे मासे त्यांच्यामागं गेले नाय?"

"नाही, आई."

"बरं झालं," भामाबाई म्हणाली. "उगा मुक्या जीवांचं पाप त्यांच्या माथी." थोड्या वेळानं तिनं दीपमालाचा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

*

कृष्णा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. जेवायला बसला की ताट घेऊन पुढच्या खोलीत जायचा. कंपनीनं त्याला काढलंही नाही आणि कायमही केलं नाही. पन्नास मासे चाचांच्या दुकानात परत गेले. वहीच्या प्रती निघून कुठं कुठं पोचल्या, मुंबईहून माणसं आली, मीटिंगा झाल्या. हे सगळं तिला श्रेयाच्या फोनवरून कळायचं. पुढं काय होईल, ते श्रेयालाही सांगता येत नव्हतं.

स्वप्नात पाणी येतच होतं. पण आता अण्णा नळांतून पुढं निघून जाऊ लागले होते, बंबाच्या दिशेनं, आणि ती मागून नुसती चालायची.

नवव्या दिवशी कृष्णा पाळीहून आला आणि दारातच बूट काढत म्हणाला, "यंत्र चालू केलंय. सकाळपास्नं."

"किती दिवस?"

"काय माहीत. वरून सांगितलंय." त्यानं खिशातून एक छोटी वही काढून टीव्हीवर ठेवली. "बोअर बंद केला मी. आपल्या पाण्यात बारा सोडलेत. चाचांनी मागच्या टाकीतले दिले. पैसे घेत नव्हता म्हातारा."

दीपमाला काही बोलली नाही. बोललं तर तो पुन्हा रुसेल असं तिला वाटलं. ती फक्त बघत राहिली, त्याच्या खांद्यावरच्या डब्याच्या पिशवीकडं.

त्यानंतर रोज सव्वाचारला ती खिडकीशी उभी राहायची. लायब्ररीतून निघायची वेळ तिनं अर्ध्या तासानं अलीकडं आणली होती. कारण कुणालाच सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावर कंपनीची बस थांबायची, कृष्णा उतरायचा, फाटक ढकलायचा. फाटकाच्या डावीकडं अनंत होता, उजवीकडं दार. त्या दोन पावलांत तिचा श्वास अडायचा.

आजही तो फाटकात आला. अनंताखाली फुलं गळून पिवळी पडली होती, त्यांच्यावरून त्यानं पाय उचलून टाकला, आणि दारातूनच पिशवी आईकडं फेकली.

"आई, डबा. भाकरी उरलीय आर्धी, कावळ्याला टाक."

"रोज उरवतो मेला," म्हणत भामाबाईनं डबा उघडला आणि घासायला घेतला.